‘बरं आहे सिस्टर’ म्हणणाऱ्या पेशंटचं अंग काय सांगतं?

प्रश्न थोडक्यात असा. जीएनएम हा नर्सिंगचा कोर्स करून चार महिन्यांपूर्वी पुरुष शस्त्रक्रिया वॉर्डात रुजू झालेली एक मुलगी विचारते: “पेशंटला विचारलं की ‘बरं आहे सिस्टर’ म्हणतात आणि तासाभराने राउंडला सर मलाच ओरडतात, एवढं पोट फुगलंय ते दिसलं नाही का म्हणून. प्रशिक्षणात सांगितलं होतं की ९३ टक्के संवाद देहबोलीतून होतो, हाताची घडी म्हणजे माणूस बचावात, नजर चुकवली म्हणजे काहीतरी लपवतोय. तसं बघायला जाते तर काहीच जुळत नाही. आता १४ नंबर कॉटवर हर्नियाचं ऑपरेशन झालेले एक आजोबा आहेत. तीन दिवस भिंतीकडे तोंड करून पडलेत, धड जेवत नाहीत, विचारलं की ‘बरं आहे’. देहबोली वाचायची तरी कशी?”

वयाने माझ्या मुलीएवढी असशील, म्हणून ‘तू’च म्हणते. मी ३३ वर्षं सरकारी नोकरी केली. अधिपरिचारिका म्हणून लागले, परिसेविका म्हणून निवृत्त झाले, आता नर्सिंगच्या मुलींना शिकवते. त्यामुळे तुझ्या प्रशिक्षणातली ती स्लाइड मलाही तोंडपाठ आहे. आधी तिचाच निकाल लावू.

ते ९३ टक्के आल्बर्ट मेहराबियन नावाच्या मानसशास्त्रज्ञांच्या १९६७ च्या प्रयोगांतून आले. कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी लोकांना सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले, सोबत चेहऱ्यांचे फोटो दाखवले आणि बोलणाऱ्याच्या मनात समोरच्याबद्दल आपुलकी आहे की नाही, एवढंच ओळखायला सांगितलं. त्यातून शब्द ७, आवाज ३८, चेहरा ५५ असा हिशेब निघाला. हातपाय, बसणं, उठणं यातलं काही त्या हिशेबात नव्हतंच. ‘मी कुठे रागावलेय?’ असं म्हणत कोणी पातेलं आपटलं, तर आपण पातेल्यावर विश्वास ठेवतो. प्रयोगाचा अर्थ इतकाच. भावना आणि शब्द यांचा मेळ बसत नसेल तेव्हाच हे आकडे लागू पडतात, हे मेहराबियन यांनी स्वतः सांगून ठेवलंय. नाहीतर मग ‘साखरेची गोळी जेवणानंतर घ्या’ हे मी नुसत्या भुवया उडवून सांगितलं असतं की.

आता हाताची घडी. ज्याने ती स्लाइड केली तो आपल्या शाळेत शिकलेला दिसत नाही. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ हे ज्यांच्या अंगात पहिलीपासून मुरलंय, ते साठीतही मोठ्या डॉक्टरांसमोर हाताची घडी घालूनच उभे राहतात. तो बचाव नव्हे, ती शिस्त. शिवाय वॉर्डात घडीची आणखी डझनभर कारणं असतात. पंख्याखाली थंडी वाजते. सलाइनचा हात ठणकतो म्हणून दुसऱ्या हाताने धरलेला असतो. ओल्या बाळंतिणीचं ब्लाउज भिजलेलं असतं. बरगडी मोडलेल्याला श्वास घेताना छाती आवळून धरली की बरं वाटतं. घडी तीच, कारणं चार. यातलं कुठलं, हे लांबून बघून मला ३३ वर्षांनंतरही सांगता येत नाही. जवळ जाऊन विचारलं की मिनिटात कळतं.

नजरेचंही तेच. सासऱ्यांच्या वयाच्या सरांसमोर सून मान खाली घालून, पदर सावरून, जमिनीकडे बघत उत्तर देते. लपवण्यासारखं तिच्याकडे काही नसतं. तिच्या घरी मर्यादा म्हणजे हेच असतं. तिला सर म्हणतात, “अहो, माझ्याकडे बघून बोला.” झालं, मग ती बोलायचीच थांबते.

सगळ्यांत फसवी म्हणजे आपल्या लोकांची मान. पेशंट मान हलवतो, ‘हो हो’ म्हणतो आणि आपण समजतो की समजलं. त्या मान हलवण्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘तुम्ही बोलताय ते ऐकतोय, तुमचा मान ठेवतोय’ एवढाच असतो. मेडिसिन वॉर्डात असताना एका काकांना इन्सुलिन कसं घ्यायचं ते मी चांगलं दहा मिनिटं समजावलं. प्रत्येक वाक्याला मान हलत होती. पंधरा दिवसांनी परत आले तर साखर होती तिथेच. मी म्हटलं, “काका, सांगू नका, करून दाखवा.” त्यांनी पिशवीतून बाटली काढली, ४० युनिटची, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. मग सिरिंज काढली, तिचं टोपण नारिंगी. म्हणजे मिलिलिटरला १०० युनिट असलेल्या औषधाची. मुलाने मेडिकलमधून ‘इन्सुलिनची सुई द्या’ म्हणून आणली होती. काकांनी अगदी मी शिकवलं तसं बाटली उलटी धरून, बुडबुडा काढून, काटेकोरपणे २० च्या रेघेपर्यंत औषध भरलं. हात जरासुद्धा थरथरला नाही. आणि त्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेवर भरलेलं ४० च्या बाटलीतलं औषध म्हणजे फक्त ८ युनिट. ४० च्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज लागते, हे मी सांगितलं होतं. त्यांनी मानही हलवली होती. उलटी चूक झाली असती, १०० ची बाटली आणि लाल टोपण, तर २० च्या जागी ५० युनिट गेले असते आणि काका परत आलेच नसते. तेव्हापासून मी मानेला विचारत नाही, हातांना विचारते. “घरी गेल्यावर सूनबाईंना काय सांगाल ते मला सांगा” किंवा “एकदा भरून दाखवा”. याने पेशंटचा अपमान होत नाही. ‘मी नीट सांगितलं का ते बघतेय’ असं म्हणायचं, म्हणजे परीक्षा आपली होते.

तर मग बघायचं काय? माझ्या मते दोनच गोष्टी. हाच माणूस काल कसा होता आणि आज कसा आहे. आणि तोंड एक सांगतंय, अंग दुसरं सांगतंय, असं कुठे होतंय का. यापलीकडे देहबोलीचा कोश वगैरे काही नसतो. फरक दिसला की त्याचा अर्थ लावत बसायचं नाही. तिथून प्रश्न सुरू करायचा.

हे मला ज्या रात्री कळलं ती सांगते. नोकरीचं दुसरंच वर्ष, एका छोट्या रुग्णालयात रात्रपाळी. संध्याकाळी चाळिशीतला एक गडी आला, पोटात दुखतं म्हणून. विडीचं व्यसन, पित्ताचा जुना त्रास, अंगदुखीच्या गोळ्या रोजच्या. कॉटवर गडाबडा लोळत होता, ‘आई गं’ म्हणून ओरडत होता, सगळा वॉर्ड जागा. डॉक्टरांनी इंजेक्शन लिहिलं, मी दिलं. रात्री दीडच्या सुमाराला तो शांत झाला. बायको म्हणाली, “देवासारखं इंजेक्शन दिलंत बाई, डोळा लागला त्यांचा.” मलाही बरं वाटलं. मी चार्टवर लिहिलं, ‘वेदना कमी, झोपला आहे’. पहाटे मोठ्या सिस्टर आल्या. त्यांनी वॉर्डाच्या दारातूनच त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “हा झोपला नाहीये. हा हलायला भितोय.”

जवळ जाऊन बघितलं तर खरंच. उताणा, गुडघे जवळ घेतलेले, डोळे मिटलेले पण पापण्या घट्ट. श्वास वरच्या वर, छातीतच. पोट श्वासाबरोबर हलत नव्हतं. मोठ्या सिस्टरनी कॉटला नुसता गुडघा लावला, इतकाच धक्का, तर त्याचा चेहरा पिळवटून निघाला. जठराचा व्रण फुटला होता. अशा पेशंटची पहिली भयंकर कळ काही तासांनी ओसरते, सगळ्यांना वाटतं उतार पडला, आणि आत पोटभर विष पसरत असतं. त्याला जिल्ह्याच्या गावी हलवलं, ऑपरेशन झालं, वाचला. पण माझे चार तास गेले ते गेलेच. मुतखड्याचा पेशंट एका जागी राहू शकत नाही. उठतो, बसतो, भिंतीला डोकं टेकतो. पोटाचं आतलं अस्तर सुजलेला पेशंट हलूच शकत नाही. म्हणजे वॉर्डातला ओरडणारा पेशंट जेवढा सांगतो, तेवढंच अचानक गप्प झालेला सांगतो. आपण मात्र गप्प झालेल्यावर खूश होतो, कारण आपली पाळी निवांत जाते.

याच जातीची एक गंमत. इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये अपेंडिक्सचा संशय असलेल्या पेशंटना विचारलं, येताना गाडी गतिरोधकावरून गेली तेव्हा दुखलं का? अपेंडिक्सच निघालेल्या ३४ जणांपैकी ३३ जण ‘हो’ म्हणाले. पण ‘हो’ म्हणणाऱ्या सगळ्यांचंच दुखणं काही अपेंडिक्सचं निघालं नाही, त्यामुळे यावर निदान करता येत नाही. पण ज्याला अजिबात दुखलं नाही, त्याच्याबाबत डॉक्टर थोडे निश्चिंत होऊ शकतात. आपल्याकडे गतिरोधकही लागत नाहीत, रस्ते पुरे आहेत. ‘रिक्षात कसे बसला होता?’ हा माझा आवडता प्रश्न. पोट धरून, ओणवं होऊन, एका कुल्ल्यावर तोलून बसलेला माणूस ते बरोबर सांगतो.

श्वासाबद्दल स्वतंत्र सांगायला हवं, कारण तिथे आपण सर्रास खोटं लिहितो. कुठल्याही वॉर्डाचा टीपीआर, म्हणजे ताप-नाडी-श्वासाचा चार्ट काढ. नाडी ७८, ८४, ९२, आणि श्वास? २०, २०, २०, २०. सगळ्या वॉर्डाचा एकच श्वास! कोणी मोजतच नाही. खरं तर बिघडायला लागलेल्या पेशंटचा श्वास बऱ्याचदा सगळ्यांच्या आधी वाढतो. इंग्लंडमध्ये धोक्याचे गुण द्यायची जी पद्धत सगळीकडे वापरतात, तीत मिनिटाला २५ किंवा त्याहून जास्त श्वास असले की त्या एकाच गोष्टीला सर्वाधिक म्हणजे ३ गुण पडतात. मोजायचं असं: मनगट नाडी बघायला धरतात तसं धरायचं आणि नजर छातीवर ठेवायची, पूर्ण मिनिटभर. ‘तुमचा श्वास मोजते’ म्हणालीस की माणूस श्वास सांभाळायला लागतो. दुसरं, त्याला नाव आणि गाव विचार. ‘माझं नाव… अमुक… तमुक… राहणार…’ असं तोडत तोडत आलं, की तोंडाने तो कितीही ‘बरं आहे’ म्हणो, सरांना बोलव. दोन्ही हात गुडघ्यांवर किंवा कॉटच्या कडेवर रोवून, खांदे उचलून, पुढे वाकून बसलेला माणूस आरामात बसलेला नसतो. त्याला आडवं पाडून तपासायचा हट्टही धरू नकोस, तो त्याला जमेल तसा श्वास घेतोय.

छातीत कळ आलेला माणूस मूठ छातीच्या मधोमध दाबून धरतो, हे पुस्तकात असतं. लेव्हिन नावाच्या अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञांचं नावच आहे त्या खुणेला. दिसली तर पळच. पण नाही दिसली म्हणून बसू नकोस. साठीच्या पुढच्या, साखरेचा आजार असलेल्या बायका मूठबीठ दाबत नाहीत. त्या म्हणतात, “काही नाही गं, पित्त झालंय, उलटीसारखं होतंय.” आणि तेवढ्यात तीनदा पदराने कपाळ पुसतात. पंखा चालू असताना गार कपाळाला घाम! मी पदराकडे बघते आणि ईसीजी काढते. पित्त निघालं तर चांगलंच, कागदाचे चार पैसे गेले.

म्हाताऱ्या माणसांचं उलटं. आजोबा रात्री सलाइन उपटतात, कॉटवरून उतरायला बघतात, चादर चिमटीत धरून ओढत बसतात. सगळे म्हणतात, ‘भ्रमिष्ट झाले, हात बांधा.’ हात बांधायच्या आधी बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लाव, साखर बघ, आणि ओटीपोटावर हात ठेव. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, अडकून लघवी तुंबलेली असेल तर माणूस सांगू शकत नाही, नुसता धडपडतो. नळी मोकळी केली की दहा मिनिटांत गाय होतो. याच्या उलट, जी आजी कालपर्यंत नातवांची चौकशी करत होती आणि आज सांगितलं तरच तोंड उघडते, नाहीतर कुठेतरी बघत पडते, ती ‘शहाणी पेशंट’ वाटते. तिच्या मेंदूला तितकाच त्रास होत असतो, कदाचित जास्त. फक्त ती आपल्याला त्रास देत नाही म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

ज्यांना बोलताच येत नाही, त्यांच्यासाठी मोजपट्ट्या आहेत. स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी ‘पेनॅड’: श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाची हालचाल आणि समजूत घातल्यावर शांत होतो का, अशा पाच गोष्टींना ० ते २ गुण. लहान मुलांसाठी ‘फ्लॅक’ जवळपास तशीच, त्यात पायांकडेही बघतात. वापर, उपयोग होतो. पण तान्ह्या बाळाच्या बाबतीत आई म्हणाली, “आज वेगळंच रडतंय”, तर मोजपट्टी बाजूला ठेवून आधी तिचं ऐक. कालचं बाळ तिने बघितलंय, आपण नाही.

आणि ज्यांचा चेहराच बोलत नाही, त्यांना विसरू नकोस. कंपवाताच्या पेशंटचा चेहरा मुखवट्यासारखा होतो. मुलगा वारल्याची बातमी कळूनही चेहऱ्यावर रेष हलली नाही म्हणून एका काकांना नातेवाइकांनी दगड ठरवलेलं मी बघितलंय. त्यांची उशी ओली होती. मानसिक आजाराच्या काही औषधांनीही असं होतं. ऐकू कमी येणारा माणूस तुझ्या डोळ्यांत बघत नाही, ओठांकडे बघतो, आणि तुझ्या तोंडावर मास्क असतो.

एक नाजूक विषय. भाजलेली, हात मोडलेली, ‘जिन्यावरून पडले’ म्हणणारी सून. नवरा किंवा सासू बाजूला हलत नाही, प्रश्न तिला विचारला तर उत्तर ते देतात, आणि ती उत्तर द्यायच्या आधी त्यांच्या तोंडाकडे बघते. जखम काल सकाळची, आणलंय आज रात्री. यावरून तू काहीही सिद्ध करू शकत नाहीस आणि करूही नकोस. कित्येक सासवा खऱ्या काळजीपोटी बोलतात. पण तिला एकटीला गाठायची सोय करणं तुझ्या हातात आहे. नातेवाइकाला केसपेपरवर शिक्का आणायला धाड, तिला लघवीच्या तपासणीसाठी आत ने. आणि मग साध्या शब्दांत विचार, “घरी कुणी मारतं का? इथे माझ्याशिवाय कोणी नाही.” सगळ्यांसमोर हा प्रश्न विचारलास तर तिला रात्री घरी जायचंय हे लक्षात ठेव. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० च्या सुमारास ‘दिलासा’ केंद्र सुरू झालं, अशाच बायकांना रुग्णालयातच समुपदेशन आणि मदत मिळावी म्हणून, आणि तिथून ती पद्धत इतरत्रही गेली. तुझ्या रुग्णालयात तसं केंद्र किंवा निदान समाजसेवा अधीक्षक कुठे बसतात, ते आधीच माहीत करून ठेव. प्रसंग आल्यावर शोधाशोध नको.

आता जे तू विचारलं नाहीस ते. तू पेशंटला वाचतेस त्याच्या दसपट तो तुला वाचत असतो. त्याला दुसरं कामच काय असतं? दिवसभर कॉटवर पडून तो आपले चेहरे बघतो. बीपी बघताना तुझ्या तोंडून नकळत ‘च्च’ निघालं की त्याची रात्रीची झोप गेली. दोघी सिस्टर त्याच्या केसपेपरकडे बघून कुजबुजल्या की त्याला वाटतं, आपल्याला कॅन्सर आहे. तुम्ही कदाचित रजेचं बोलत असाल.

माझी सर्वांत मोठी शिकवणी झाली ड्रेसिंगच्या खोलीत. मधुमेहाने सडलेला पाय, पट्टी सोडली की वास खोलीभर. मुली शिकाऊ असल्या की पट्टी सुटताक्षणी मान मागे जाते, नाकपुड्या मिटतात. पेशंट तेव्हा जखमेकडे बघत नसतो. तुझ्या नाकाकडे बघत असतो. तिथे त्याला कळतं, आपला पाय किती वाईट आहे, आणि आपण स्वतःच किती ओंगळ झालोय. मी मुलींना सांगते, मास्क पट्टी सोडायच्या आधी लावा, सगळ्यांच्या ड्रेसिंगला लावा, म्हणजे त्याच्यासाठी खास लावला असं होत नाही. तोंडाने श्वास घ्या. आणि हात चालू असताना त्याच्याशी बोला. ऊस गेला का, मुलगी कितवीला आहे, काहीही. हातमोज्यांचंही तसंच. रक्त, पू, लघवी यांना हात लागणार असेल तिथे मोजे घालायचेच. पण एचआयव्ही आहे म्हणून नुसतं बीपी घ्यायलासुद्धा दोन-दोन मोजे चढवून गेलीस, तर शेजारच्या चारही कॉटना त्याचा आजार न सांगता कळतो.

उभं राहून बोलू नकोस, हे सांगणं सोपं आहे, सरकारी वॉर्डात स्टूल कुठून आणायचं हे अवघड. अमेरिकेत कॅन्ससमध्ये २०१२ साली मणक्याच्या ऑपरेशनच्या पेशंटवर एक छोटा अभ्यास झाला. डॉक्टर कॉटजवळ बसून बोलले तर जेमतेम मिनिटभर थांबूनही पेशंटना वाटलं पाच मिनिटं थांबले. उभ्याने बोलले तेव्हा उलट थोडा जास्तच वेळ दिला होता, तरी तो कमी वाटला. आपल्याकडे प्रश्न याहून बिकट. गर्दीच्या दिवसांत पेशंट दोन कॉटच्या मध्ये जमिनीवर गादीवर असतो. त्याच्याशी उभ्याने बोलणं म्हणजे विहिरीच्या काठावरून आत बोलणं. उकिडवी बस. गुडघे कुरकुरतात, माझे तर आता बसतच नाहीत, पण तू पंचविशीची आहेस. अर्धं मिनिट उकिडवं बसून विचारलेल्याला जे उत्तर मिळतं, ते उभ्याने पाच वेळा विचारून मिळत नाही.

स्पर्शाचं मात्र विचारून. आजीचा हात धरला तर ती तुझ्या गालावरून बोटं फिरवून कानशिलावर कडाकडा मोडेल. तोच हात तरण्या पेशंटच्या खांद्यावर ठेवलास तर त्याला अवघडेल किंवा तुला नको तो अनुभव येईल. ‘पोटाला हात लावून बघू का?’ हे तीन सेकंदांचं वाक्य कुणालाही म्हणता येतं. नातेवाईक येरझाऱ्या घालू लागला, एकटक बघायला लागला, स्वतःशी पुटपुटायला लागला, तर तिथे समजूत घालत बसू नकोस. दाराकडची बाजू आपली ठेव आणि दुसऱ्या कुणाला तरी हाक मार. दवाखान्यात डॉक्टर-सिस्टरवर हात उगारणाऱ्यांविरुद्ध आपल्या राज्यात कायदा २०१० पासून आहे, पण तो नंतर कामाला येतो.

सर ओरडतात त्यावर उपाय: फोनवर ‘सर, पेशंट बरोबर वाटत नाही’ एवढंच सांगू नकोस. ‘सर, अमुक नंबर. दुपारी टेकून बसले होते, आता कुशीवरून हलत नाहीत. श्वास २८, कालपेक्षा पोट ताठ’, असं सांगितलंस की ते येतील. आणि केसपेपरवर ‘सहकार्य करत नाहीत’ हे वाक्य कधी लिहू नकोस. तो तुझा निष्कर्ष झाला. ‘पोटाला हात लावू दिला नाही, तोंड भिंतीकडे वळवलं’ हे लिही. पुढच्या पाळीच्या सिस्टरला त्यावरून काहीतरी करता येतं. आतून वाटणारी काळजीही दाबू नकोस. नेदरलँड्समध्ये सिस्टरना वाटणाऱ्या काळजीचे नऊ निर्देशक काढून त्यांची रीतसर पद्धत केलीय, म्हणजे त्या ‘वाटण्या’मागे बघणं असतं हे आता मान्य आहे.

राहिले तुझे आजोबा. त्यांना काय झालंय हे मला इथून सांगता येणार नाही, आणि कोणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नकोस. आधी शरीराचं बघ. पोट फुगलंय का, वारा सरतोय का, लघवी झाली का, ताप, जखम, श्वास. दम लागून किंवा पोटरी सुजून तर पडले नाहीत ना? तीन दिवस न हलणं हेच सरांना सांगण्यासारखं आहे. ते सगळं ठीक निघालं तर मग संध्याकाळी भेटायची वेळ संपल्यावर भिंतीच्या बाजूने जा, म्हणजे त्यांचं तोंड जिकडे आहे तिकडून, आणि खाली बस.

माझ्या वॉर्डात असेच एक शेतकरी आजोबा होते, मांडीचं हाड मोडलेलं. चार दिवस भिंतीकडे तोंड, भाकरीचा तुकडा मोडायचे आणि ठेवून द्यायचे. पाणी तर अगदी घोटभर. आम्ही सगळं तपासलं, सरांनी ‘नैराश्य असेल’ म्हणून चिठ्ठीही लिहून ठेवली. रात्री मी भिंत आणि कॉट यांच्या फटीत कशीबशी उकिडवी बसले आणि विचारलं, “आजोबा, भूक नाही की जेवायचं नाही?” बराच वेळ गप्प. मग अगदी हळू म्हणाले, “बाई, तो पुरुष मामा कितीला येतो?”

मला आधी कळेचना. दिवसपाळीला आमच्याकडे वॉर्डबॉय, म्हणजे मामा, नव्हता, लघवी-संडासचं भांडं द्यायला विशीतल्या शिकाऊ मुली जायच्या, त्यांच्या नातीच्या वयाच्या. खाल्लं तर भांडं लागणार, पाणी प्यायलं तर भांडं लागणार. म्हणून त्यांनी दोन्ही बंद केलं होतं, आणि बायकांची ये-जा दिसू नये म्हणून तोंड भिंतीकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला आणि रात्री नऊला शेजारच्या वॉर्डातले मामा पाठवायचं ठरलं, कॉटभोवती चादरीचा पडदा बांधला. दुपारी त्यांनी भाकरी खाल्ली आणि वर कांदा मागितला.